लाव्हाच्या वेशीवरचे सर

नोकरीच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला एकेक करून विचारलं, गाव कोणतं, खोली मिळाली का, लग्न झालं का. कोपऱ्यात बसलेल्या एका सरांनी हे सगळं आटपेपर्यंत वाट पाहिली, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, तुमी कोण्या दगडावरच्या?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "पांढुर्ण्याची आहे सर."

"मंग पक्क्या लाव्हावरच्या," ते म्हणाले आणि समाधानानं हसले. "छान. आमच्या सौसरात भेसळ आहे."

हे आमच्या शाळेतले भूगोलाचे सर. मी गणित शिकवायला रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चारेक वर्षं उरली होती. पोरं त्यांना लाव्हासर म्हणत, तोंडावर म्हणत, आणि सर "हं, बोल बेटा" म्हणून ओ देत. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात पेन असायचं तिथे त्यांच्या खिशात दगड असायचा, त्यामुळे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले. आवाज इतका मऊ की हजेरी घेताना पोरांची नावं पुकारत नसून त्यांची माफी मागत आहेत असं वाटावं. पृथ्वीच्या पोटातल्या आगीबद्दल दिवसभर बोलणारा हा माणूस स्वतः कधी कोमटसुद्धा झालेला कोणी पाहिला नव्हता.

पाऊस, वारा, पिकं, नद्या हा बाकीचा भूगोल ते पाठ्यपुस्तकाप्रमाणे सरळ उरकून टाकत. पण ज्वालामुखीचा धडा आला की वेळापत्रक कोलमडायचं. तो धडा त्यांनी एका वर्षी श्रावणात सुरू केला आणि माघात संत्र्याचा आंबिया बहार फुलला तरी संपला नव्हता. माझा तास त्यांच्यानंतर असे. मी दारात उभी राहायची आणि ते आतून म्हणायचे, "एकच मिनिट मॅडम, आता फुटतच आहे."

एकदा पृथ्वीच्या कवचाच्या प्लेटा कशा सरकतात ते दाखवायला त्यांनी स्टाफरूममधली दोन टेबलं घेतली. एक उंच, एक बुटकं. आमचे प्राचार्य, ज्यांना आम्ही सगळे बडे सर म्हणत असू, उंच टेबलाशी बसून फाइलीवर सह्या करत होते. "बडे सर, तुमी हालू नका, तुमी जमीन आहात," असं म्हणून सरांनी बुटकं टेबल हळूहळू उंच टेबलाखाली घुसवलं. "ही समुद्राची प्लेट. जड असते, म्हणून खाली जाते. जाताना आपल्यासंगं पाणी घेऊन जाते. त्या पाण्यानं वरचा तापलेला दगड लवकर पाघळते. पाघळला की हलका होते. हलका झाला की वर..." आणि वर गेला तो बडे सरांचा चहा. सगळा रजिस्टरवर सांडला. बडे सर ताडकन उठून अर्धा मिनिट ओरडले आणि खाली बसले. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "थोडथोडं निघून जाते म्हणून यायच्यापासून धोका नाही. जे सालोसाल गप बसतात त्यायचं पाहा."

माणसं पारखण्याची त्यांची हीच एक फूटपट्टी होती. शाळेत मुलांसाठी रोजचं जेवण बनवणाऱ्या वच्छलामावशींचा मात्र ते वेगळाच मान ठेवत, कारण त्यांच्या मते अख्ख्या तालुक्यात ज्वालामुखीचं मर्म दोनच माणसांना कळलं होतं, एक ते स्वतः आणि दुसऱ्या मावशी.

त्याचं असं झालं. आठवीच्या पोरांना एक कोडं सुटेना. काही ज्वालामुखी धडाक्यानं फुटतात आणि काही नुसते वाहतात, असं कावून? सरांनी त्यांना रांगेनं स्वयंपाकघरात नेलं. त्या दिवशी पिठलं होतं.

"मावशी, पातळ पिठलं उकळते तवा काय होते?"

"काय होईन? बुडबुडे येते अन् जाते."

"अन् घट्ट झालं तर?"

"मंग फटफट उडते ना सर. हे पाहा," मावशींनी मनगटावरचे चट्टे दाखवले. "घट्ट पिठल्याचं काई खरं नाई. वरून गप दिसते, अन् वाकून पाहालं की तोंडावर येते."

सरांचे डोळे भरून आले. मी अतिशयोक्ती करत नाही, खरंच आले. ते पोरांकडे वळले. "ऐकलं? लाव्हा पातळ असला की त्याच्यातला वायू सुखानं निघून जाते, अन् लाव्हा कोसन् कोस वाहते. त्याचा डोंगर पालथ्या तव्यासारखा पसरट. लाव्हा घट्ट असला की वायू आत कोंडते, कोंडते, अन् मंग अर्धा डोंगर उडवून बाहेर येते. त्याचा डोंगर उभा, एक थर राखेचा, एक लाव्हाचा. पुस्तकात याले चार पानं लागले. मावशीनं एका पळीत सांगतलं."

"अन् आपला कोणता होता सर?" एका पोरीनं विचारलं.

"आपला? आपला तर डोंगरच नव्हता बेटा. आपल्याकडं जमिनीले भेगा पडल्या. मैल मैल लांब. अन् त्या भेगीतून पातळ लाव्हा आला, पसरला, थंडा झाला. त्याच्यावर पुन्हा आला. पुन्हा थंडा झाला. थरावर थर. तुह्या बापाच्या वावरातली काळी माती हाय ना, कपाशीची? तो सगळा लाव्हाच होय. साडेसहा कोटी वर्षं भिजून, वाळून, मऊ झालेला."

त्या दिवशी आठवीच्या पोरांनी पिठलं ताट लांब धरून, न वाकता खाल्लं.

सर रामाकोन्याच्या बाजूला राहत आणि जुन्या स्कूटरनं यायचे. एका रविवारी त्यांनी मला आणि विज्ञानाच्या मॅडमना मुद्दाम बोलावून घेतलं, एक जागा दाखवायला. आम्ही डबे, चटई, थर्मास घेऊन गेलो. जागा म्हणजे मोहगावकडच्या एका रस्त्याच्या कडेचा नाला. ना झाड, ना देऊळ. सर नाल्यात उतरले, पाय फाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "हा डावा पाय लाव्हावर. हा उजवा पाय लाव्हा यायच्या आधीच्या दगडावर. इथपर्यंत आला मॅडम, अन् थांबला. ही त्याची वेस होय."

"मग आता आपण काय करायचं सर?" विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं.

"तुमी पण उभ्या राहा ना."

आम्ही दोघी साड्या सावरत नाल्यात पाय फाकवून उभ्या राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधले सगळे लोक एका बाजूला आले. सर त्या दगडाकडे बघत होते. "लेट झालो मॅडम," ते म्हणाले. एखाद्याची सकाळची गाडी पाच मिनिटांनी हुकावी तसं. "साडेसहा कोटी वर्षं लेट झालो. जन्मभर शिकवून राहिलो, पण एकही खरा नाई पाहिला. एक. धूर काढणारा. लहानसाही चालला असता."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे नुसतं वेड नाही, ही त्यांची आस आहे. लोकांना काशीला जायचं असतं, तसं.

आणि मग एका फेब्रुवारीत तो त्यांच्या दाराशी आला.

रामाकोन्याच्या पलीकडे एका खेड्यात भाऊरावजी नावाच्या शेतकऱ्याची संत्र्याची बाग होती. बागेच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, जमिनीतून धूर निघायला लागला. पहिल्या दिवशी त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी धूर वाढला, जमिनीला लांब भेग पडली आणि जवळ उभं राहिलं की चपलेतून चटका लागायला लागला. भाऊरावजींनी घाबरून बायको, आई, दोन म्हशी आणि टीव्ही मेहुण्याकडे हलवला. तिसऱ्या दिवशी बातम्यांचं यूट्यूब चॅनल चालवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ पांढुर्ण्याहून आले आणि त्यांनी 'सौसर तालुक्यात ज्वालामुखी' असा व्हिडिओ टाकला. मग काय विचारता. लोधीखेड्यापासूनचे लोक गाड्या भरून यायला लागले. शाळेत अर्धी पोरं गैरहजर. बडे सर सरांना म्हणाले, "तुमीच जाऊन पाहून या बापा. नाहीतर उद्या मास्तरही यायचे नाहीत."

सर रजेचा अर्ज लिहायलाही थांबले नाहीत. स्कूटरनं नेमका त्याच दिवशी दगा दिला, म्हणून माझी स्कूटी घ्यायचं ठरलं. आधी त्यांच्या घरी गेलो. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, मुलीच्या लग्नातले बूट काढले, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर रुमालात गुंडाळला आणि राख पडली तर असावी म्हणून छत्री घेतली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, भाकरी-भाजीचा डबा माझ्या हातात दिला.

"पोरी, यायच्याकडं ध्यान ठेवजो," काकू म्हणाल्या. "ज्वालामुखी असो का नसो, एक वाजता जेवाले बसव. उपाशी राहिले की यायले पित्त होते."

"अगं, लोकं शेकडो मैल जातात पाहाले," सर म्हणाले, "अन् मी टिफिन घेऊन जाऊन राहिलो."

"मंग चांगलंच हाय ना. जवळ निघाला."

स्कूटीवर मागे बसून ते सबंध रस्ताभर बोलत होते. मध्येच म्हणाले, "मॅडम, नाव काय ठेवायचं?"

"कशाचं सर?"

"त्याचं. माह्या मतानं भाऊरावजीचं नाव द्यावं. जमीन त्यायची हाय."

मी आरशात पाहिलं. त्यांचा चेहरा लग्नाला निघालेल्या मुलासारखा झाला होता. मी नकळत स्कूटीचा वेग कमी केला. मला ज्वालामुखीतलं काही कळत नव्हतं, पण हे खोटं निघालं तर काय, हे मात्र कळत होतं.

तिथे जत्राच होती. चणे-फुटाण्याची गाडी, पाण्याचे पाउच, धुऱ्यावर रांगेनं मोटारसायकली. आणि भेग खरोखर होती! तीसेक फूट लांब, धुऱ्याला समांतर, आणि तिच्यातून पांढुरका धूर संथपणे वर येत होता. भेगेच्या तोंडाशी कोणीतरी एका दगडाला शेंदूर लावला होता. सात-आठ नारळ, झेंडूची फुलं, अगरबत्त्या. चॅनलवाल्या गृहस्थांनी भेगेच्या अगदी काठावर तिपाई उभी करून तिच्यावर मोबाइल आणि लाइट लावला होता.

सर जागीच थबकले. "भेग," ते पुटपुटले. "डोंगर नाही. भेगच. आपल्यासारखी."

लोकांनी वाट करून दिली. सरांनी थर्मामीटर दोरीला बांधून भेगेत सोडला. पारा सरसर वर चढला आणि शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. गर्दीतून "ओऽ" असा आवाज आला. मग ते, तो इस्त्रीचा शर्ट घालून, जमिनीवर पालथे पडले आणि भेगेशी नाक नेऊन त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

ते गंधक शोधत होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. खऱ्या ज्वालामुखीच्या धुराला गंधकाचा भपका असतो.

त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला. मग तिसऱ्यांदा. आणि ते तसेच पडून राहिले, बराच वेळ. कोणीतरी म्हणालं, "बेहोश झाले वाटते मास्तर." मी पुढे जाणार, तेवढ्यात ते उठून बसले. शर्टाच्या पुढच्या बाजूला माती, नाकाच्या शेंड्याला शेंदूर.

"भाऊरावजी," त्यांनी अगदी हळू विचारलं, "याच्या खाली काय बुजवलं?"

भाऊरावजी इकडेतिकडे पाहायला लागले. "काई नाई जी. पहिले इथं नाला होता जुना."

"नाल्यात काय टाकलं?"

"असंच... कचरा."

"सांगा ना!" मागून भाऊरावजींची बायको कडाडली. ती म्हशींना चारा न्यायला आली होती. "सडके संत्रे टाकले सर, तीन ट्रॉल्या! वरून पऱ्हाट्या टाकल्या, कपाशीच्या. वरून सोयाबीनचं कुटार. अन् जेसीबीनं माती लोटून दिली. अन् मागच्या हप्त्यात यायनं धुऱ्यावरचं गवत पेटवलं. मी म्हणून राहिली होती, ते आग आत गेली, आत गेली. पण माह्यं आयकते कोण? मले म्हणे, तुले काय समजते, ज्वालामुखी होय तो!"

सर उभे राहिले. त्यांनी गुडघ्यांवरची माती झटकली. "हा ज्वालामुखी नाही, भाऊरावजी," ते म्हणाले. "हा उकिरडा आहे. आतल्या आत जळून राहिला. संत्र्याच्या सालीचा वास येऊन राहिला."

इतकी नाराज गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. भाऊरावजींचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण त्यांचाही चेहरा उतरला. चॅनलवाले गृहस्थ मात्र हार मानणारे नव्हते. ते माइक घेऊन सरांच्या कानाशी आले. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, एवढंच म्हणा की शक्यता नाकारता येत नाही."

"शक्यता नाकारता येते," सर म्हणाले.

"अहो, तुमचंच नाव होईन. लोकं सांगतात मले, तुमी जिंदगीभर याचीच वाट पाहून राहिले. एक वाक्य. कोणाचं काय जाते?"

सरांनी धुराकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार. आणि खरं सांगते, मला मनातून वाटत होतं की म्हणावं. म्हणू दे. कोणाचं काय जातं?

तेवढ्यात ओटीचं ताट घेतलेल्या एक आजी गर्दीतून निघाल्या आणि शेंदराच्या दगडाला हळद-कुंकू वाहायला थेट भेगेच्या काठावर चालल्या. सरांचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. पायाखालची माती किंचित दबत होती.

"मागं व्हा!"

हा आवाज सरांचा आहे हे मला दोन क्षण कळलंच नाही. लाऊडस्पीकरवरून कोणी बोललं असं वाटलं. झाडावरची पाखरं उडाली. आजी ताटासकट जागच्या जागी खिळल्या. सरांनी दोन ढांगांत जाऊन त्यांना दंडाला धरून मागे ओढलं आणि वळून सगळ्यांवर ओरडले, "मागं व्हा म्हणतो ना! खालून जळून पोकळ झालं हाय सगळं! वरती नुसती पापडी राहिली मातीची! व्हा मागं! तुमी पण, कॅमेरावाले! चला!"

लोक धावले. चॅनलवाले मोबाइल उपटून घेऊन धावले, पण तिपाई राहिली. मिनिटभर काहीच झालं नाही. कोणीतरी फिदीफिदी हसलंसुद्धा. मग जमीन भस्सकन खाली बसली. नारळ, फुलं, शेंदूर लावलेला दगड, तिपाई, लाइट, सगळं एका दमात आत गेलं आणि आतून लालबुंद निखारे दिसले. एक नारळ आत फुटल्याचा आवाज आला. आजी खाली बसल्या आणि त्यांनी सरांच्या बुटांना हात लावून नमस्कार केला.

नंतर आग विझवायला दमकलची गाडी आली. सरांचा आवाज आता परत मऊ झाला होता, पण लोक ऐकत होते. त्यांनी गाडीवाल्यांना परोपरीनं सांगितलं, "पाणी एकदम टाकू नका जी. कडेनं, हळूहळू टाका. गरम जागी पाणी कोंडलं की वाफ होते, अन् वाफ जागा मागते. सगळे त्या आंब्याच्या झाडामागं जा."

गाडीवाले अनुभवी होते. मास्तरांकडून आग विझवायला शिकण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांनी पाइप भेगेच्या मधोमध धरला आणि नळ पूर्ण सोडला.

आधी फुसफुस झाली. मग जमिनीच्या आतून गुरगुर. आणि मग धडाम् करून वाफेचा एक मोठा लोट उठला आणि त्याच्याबरोबर तीन ट्रॉल्या सडलेल्या, शिजलेल्या, अर्ध्या जळक्या संत्र्यांचा तपकिरी रगडा आकाशात गेला. तो आकाशात किती वेळ होता कोण जाणे. आम्ही सगळे वर बघत होतो. मग तो खाली आला. दमकलच्या गाडीवर, मोटारसायकलींवर, चण्याच्या गाडीवर, चॅनलवाल्यांच्या डोक्यावर, माझ्या नव्या ओढणीवर. आंब्याच्या झाडाचा कोणालाच काही उपयोग झाला नाही.

सरांनी छत्री उघडली नव्हती. ते हातात बंद छत्री घेऊन मोकळ्या जागेत उभे होते. नखशिखांत संत्र्याच्या रगड्यात भिजलेले, चष्म्यावर एक साल चिकटलेली. आणि हसत होते.

"बाष्पस्फोट!" ते मला म्हणाले. "मॅडम, बाष्पस्फोट! हा प्रकार खरा हाय बरं! ज्वालामुखीत असतो हा! लाव्हा नाही येत, नुसतं पाणी अन् ताप जमला की होते! अगदी असाच!"

मी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. मी त्यांना जेवायला बसवलं.

भाऊरावजींच्या म्हशी संध्याकाळी घरी आल्या. खड्डा दोन दिवसांनी पूर्ण विझला आणि त्यांच्या बायकोनं पुढं उभं राहून तो मुरमानं भरून घेतला. चॅनलवाल्यांनी दुसरा व्हिडिओ टाकला, 'ज्वालामुखी निघाला उकिरडा', आणि त्यात सरांचा संत्र्यानं माखलेला चेहरा इतका जवळून घेतला होता की तो सौसर-पांढुर्ण्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. पोरं हसली. बाजारात भाजीवाले "काय सर, संत्रे देऊ का?" म्हणायला लागले. सर त्यांनाही "द्या ना, ताजे द्या" म्हणायचे.

पण ते आतून बसले होते. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रोज सकाळी एका ज्वालामुखीचं चित्र टाकून खाली 'सुप्रभात' लिहायचे. महिनाभर ते बंद झालं. बडे सरांनीच एक दिवस मला विचारलं, "सकाळचा डोंगर येऊन नाही राहिला, तब्येत ठीक हाय ना यायची?"

मी सरांना विचारलं. ते खिशातला दगड काढून टेबलावर फिरवत राहिले. "मॅडम, त्या आजी आल्या नसत्या ना," ते म्हणाले, "तर मी त्या माणसाच्या माइकात काय बोललो असतो, मलेच माहीत नाही. मी तोंड उघडलं होतं. एवढी वर्षं पोरायले खरं सांगतलं, अन् त्या टायमाले मी तोंड उघडलं होतं."

"पण तुम्ही बोलला नाहीत सर."

"आजी आल्या," ते म्हणाले.

यावर गणितात काही सूत्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ग्रुपवर एक काळा डोंगर आला आणि खाली 'सुप्रभात'. बडे सरांनी त्याला दोन अंगठे पाठवले.

सर निवृत्त झाले त्या वर्षीच्या हिवाळ्यात नागपूरच्या त्यांच्या मुलीनं आई-वडिलांना अंदमानला पाठवलं. भारतात अजून जागता असलेला असा ज्वालामुखी एकच, आणि तो तिथल्या समुद्रात, एका ओसाड बेटावर. उतरू देत नाहीत, जहाजातून दुरूनच पाहायचं. निघायच्या आधी महिनाभर सरांचा रोज फोन. दुर्बीण कोणती घेऊ? वही ओळींची नेऊ का कोरी? स्टेशनवर पोचवायला आम्ही सहा जण गेलो होतो. काकूंच्या हातात चिवड्याचा डबा, सरांच्या गळ्यात दुर्बीण, आणि गाडी यायला अजून तास होता तरी ते दुर्बिणीतून रूळ पाहत होते.

ते परत आल्यावर फोन आला नाही. चार दिवस गेले, आठ गेले. शेवटी मी एका रविवारी सरळ रामाकोन्याकडे गेले.

काकूंनी दार उघडलं आणि मला पाणीसुद्धा देण्याआधी सुरुवात केली. "पाह्यला बाई ज्वालामुखी! काय सांगू तुले. काळाठिक्कर डोंगर, मधोमध समुद्रात. हिरवं पान नाई त्याच्यावर. अन् डोक्यातून धूर असा, जसा कोणी म्हातारा निवांत बसून बिडी पिऊन राहिला. पाणी निळंशार, डोंगर काळा. अंगावर काटा आला माह्या."

"अरे वा! आणि सर?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. आतल्या खोलीतून सर आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"यायले बोट लागली," काकू म्हणाल्या. "जहाज निघालं तसे जे खाली बादली धरून बसले, ते उठायचं नाव नाई. मी वरतून हाका मारून राहिली, अहो या, तुमचा आला, तुमचा आला! हे म्हणे आलो, आलो. जिन्यापर्यंत येत, अन् पुन्हा बादलीकडं. जहाज तिथून फिरलं, परत निघालं, मंग यायले बरं वाटलं."

मी सरांकडे बघायचं टाळत होते. पण सरांनी उशीखालून वही काढली होती, आणि पेन. "एक राहिलं," ते काकूंना म्हणाले. "तो धूर सरळ वर जाऊन राहिला होता का वाऱ्यानं झुकला होता?"

"काल सांगतलं ना."

"काल तू उजवीकडं म्हटलं. परवा डावीकडं."

"जहाज फिरलं ना हो! मी काय एका जागी उभी होती?"

सरांनी हे अत्यंत गंभीरपणे लिहून घेतलं. वही अर्धी भरली होती. जन्मभर ज्यांनी सांगितलं ते आता विचारत होते, आणि जन्मभर ज्यांनी "जेवाले या" एवढंच म्हटलं त्या पाय पसरून, हातवारे करून, ज्वालामुखी सांगत होत्या. सांगण्यात त्या सरांपेक्षा सरस होत्या, हेही मी इथे नमूद करते.

"फोटो नाही काढला काकू?" मी विचारलं.

"काढला ना. एकच निघाला. मले कुठं जमते ते." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर, कॅलेंडरच्या जागी, लाकडी चौकटीत मढवलेला मोठा फोटो होता. त्यात काकू होत्या. नुसत्या काकू, कपाळापासून हनुवटीपर्यंत, वाऱ्यानं केस उडालेले, डोळे मोठे झालेले, तोंड अर्धं उघडं. मोबाइल उलटा वळला होता आणि त्यांनी स्वतःचाच काढला होता. त्यांच्या डाव्या कानामागे, कर्णफुलाच्या जरा वर, निळ्या पाण्यावर बोराएवढा एक करडा ठिपका होता.

"फोटो छान आला काकू," मी म्हटलं. आणि खरंच छान होता.

काकू लाजल्या. "यायनंच मढवून आणला नागपूरहून," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाले इतके वर्षं झाले, कधी माहा फोटो नाही लावला भिंतीवर. मी म्हटलं कायले, तर म्हणे, राहू दे, चांगला हाय."

सर उठले, चष्मा कपाळावर चढवून फोटोच्या अगदी जवळ गेले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी काकूंच्या कानामागच्या त्या ठिपक्यावरची धूळ जपून पुसली. मग काकू आपल्याकडेच बघत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. ते क्षणभर घुटमळले, आणि मग त्यांनी काकूंचा चेहराही पुसला, तितकाच जपून, कपाळापासून हनुवटीपर्यंत.